लहान मुलांना ज्यूस पचत नाही तेव्हा काय करायचं

मूल दीड-दोन वर्षांचं, मस्त खेळतंय, वजनही वाढतंय, पण दिवसातून चार-पाच वेळा पातळ शी आणि त्यात गाजराचे तुकडे, मटारची सालं जशीच्या तशी, असं असेल तर आधी दिवसभरात ज्यूस किती जातोय ते बघा.

सफरचंद आणि पेअरच्या ज्यूसमध्ये ग्लुकोज या साखरेपेक्षा फ्रुक्टोज (फळातली साखर) बराच जास्त असतो, वर सॉर्बिटॉल हा नीट न शोषला जाणारा गोड पदार्थ पण. लहान आतड्याला फ्रुक्टोज एका वेळी थोडाच शोषता येतो, सोबत बरोबरीनं ग्लुकोज असेल तर बरा शोषला जातो, आणि छोट्या मुलांची ताकद त्यात कमीच. जो उरतो तो मोठ्या आतड्यात जातो, तिथे पाणी खेचतो, जंतू त्याचा गॅस करतात, मग पोट गच्च, शी पातळ, ढुंगण लाल. बद्धकोष्ठ झालं की डॉक्टर कधीकधी पेअरचा ज्यूस द्यायला सांगतात ते याचमुळे. मोसंबी-संत्र्यात दोन्ही साखरा साधारण सारख्या, त्यामुळे ती त्यामानाने सोसतात.

तर एक-दोन आठवडे ज्यूस पूर्ण बंद करा, आणि आजी-आजोबा, पाळणाघरातल्या मावशी सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर कोणीतरी प्रेमाने देतंच. पॅकवर साखर घातलेली नाही असं लिहिलेलं असलं तरी फळाची साखर आत असतेच. तहानेला पाणी द्या. वरणभातावरचं तूप मात्र कमी करू नका, स्निग्ध पदार्थाने अन्न आतड्यातून जरा सावकाश सरकतं.

फळ द्याच, पण अख्खं. आपल्या वाशी, नेरुळच्या ज्यूस सेंटरवर एका ग्लासात तीन-चार मोसंब्या सहज जातात, तेच मूल खायला बसलं तर चार-पाच फोडींत त्याचं पोट भरतं. एपीएमसीच्या फळ मार्केटमधून पेटी आणत असाल तर केळी, पपई पण घ्या. नंतर ज्यूस सुरू केलात तरी इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स म्हणते की 2 वर्षांखाली नकोच, 2 ते 5 वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त 125 मिली, म्हणजे 200 मिलीचा छोटा पॅकसुद्धा जास्तच झाला.

शीत रक्त, ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठून जुलाब किंवा शू कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर हे प्रयोग करत बसू नका, डॉक्टरकडे जा आणि जाईपर्यंत ज्यूस नाही, ओआरएस द्या.