टेबल टेनिसचे फोटो: मीटरच्या नादी लागू नका

इंदूरच्या अभय प्रशाल या बंदिस्त क्रीडागृहात टेबल टेनिसचे फोटो काढणार असाल, तर ऑटो मोड विसरा. टेबल गडद, खेळाच्या जागेभोवती लावलेले बुटके फलकही गडद. कॅमेऱ्याचं प्रकाश मोजणारं मीटर त्या काळोखाला भुलतं आणि खेळाडूचा चेहरा पांढराफटक करून टाकतं. म्हणून सराव चालू असतानाच स्पॉट मीटरिंगने, म्हणजे फक्त एका छोट्या भागाचा प्रकाश मोजून, चेहऱ्याचं रीडिंग घ्यायचं. गव्हाळ रंगाला मीटर दाखवतं तेवढं बहुधा पुरतं, गोऱ्याला अर्धा-पाऊण स्टॉप जास्त (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). मग सगळं मॅन्युअलवर कायम: शटर १/१००० सेकंद, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/२.८, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ३२०० ते ६४००. जास्त आयएसओमुळे फोटोत दाणे दिसले तर दिसू देत, हललेला फोटो कुणी छापत नाही.

खरी डोकेदुखी दिव्यांची. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना कळत नाही, पण सलग काढलेल्या फोटोंत एक उजळ, दुसरा पिवळट निघतो. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर, म्हणजे दिव्यांची लुकलुक सांभाळून फोटो काढायची सोय, असेल तर चालू करा. नसेल तर १/१०० वर या, आयएसओ उतरवा आणि सर्व्हिसआधीचा क्षण पकडा. नियमच आहे, चेंडू उघड्या तळहातावर स्थिर ठेवावा लागतो. फ्लॅश मात्र बॅगेतच राहू द्या, समोरच्याचे डोळे दिपतात.