पिंग एक पत्ता सांगतं, एनएसलुकअप दुसराच

सर्व्हर नव्या मशीनवर हलवला, डीएनएसमध्ये (नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत) पत्ता बदलला, तरी एकाच कॉम्प्युटरवर जुनंच पान उघडतंय? राउटर बंद-चालू करत बसू नका. त्या कॉम्प्युटरवर सर्व्हरचं तेच नाव देऊन पिंग आणि एनएसलुकअप या दोन्ही कमांड चालवा आणि आलेले आयपी पत्ते ताडून बघा.

एनएसलुकअप थेट डीएनएस सर्व्हरला विचारतं. पिंग ऑपरेटिंग सिस्टीमला विचारतं, आणि ती आधी होस्ट्स फाइल (कॉम्प्युटरमधलीच नावं आणि पत्त्यांची यादी) आणि स्वतःची कॅश (आधी मिळालेल्या उत्तरांचा साठा) बघते. उत्तरं वेगळी आली, तर घोळ बहुधा त्या कॉम्प्युटरमध्येच आहे. विंडोजवर ‘आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस’ ही कमांड द्या, म्हणजे कॅश साफ होते. एवढं करूनही पिंगला जुनाच पत्ता मिळत असेल, तर विंडोज फोल्डरमधल्या सिस्टीम३२ मध्ये ड्रायव्हर्स, त्यात ईटीसी, आणि तिथली होस्ट्स फाइल उघडा. चाचणीपुरती टाकलेली ‘१९२.१६८.१.२०’ अशी एखादी ओळ तिथे बऱ्याचदा राहून गेलेली असते. कॅश कितीदाही साफ करा, ती ओळ हलत नाही. तिच्या आधी # लावून सेव्ह करा, म्हणजे ती ओळ वाचली जाणार नाही. नोटपॅड मात्र ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेलं हवं, नाहीतर सेव्हच होणार नाही.

लिनक्सवर हीच तुलना डिग (थेट डीएनएस सर्व्हरला विचारणारी कमांड) आणि ‘गेटेंट होस्ट्स’ (सिस्टीमला विचारणारी) यांची करा.

दोन्हीकडे जुनाच पत्ता आला, तर डीएनएस सर्व्हरकडेच जुनी नोंद आहे. टीटीएल, म्हणजे ती नोंद जपून ठेवण्याची मुदत, संपेपर्यंत थांबा. दोन्ही बरोबर आणि फक्त ब्राउझर चुकतोय, तर त्याच्या सेटिंगमधलं सिक्युअर डीएनएस (नावांची चौकशी एन्क्रिप्ट करून पाठवणारी सोय) तपासा. त्यात बाहेरचा डीएनएस सर्व्हर निवडलेला असला, तर ब्राउझर ऑफिसच्या डीएनएस सर्व्हरला न विचारता त्यालाच विचारू शकतो, आणि मग ऑफिसमधली अंतर्गत नावं त्याला सापडत नाहीत.