तरुणपणी टेस्टोस्टेरॉन कमी आलं तर: तपासणी कशी करावी, विमा कुठे मिळतो

सतत थकवा, कामेच्छा मंदावलेली, सकाळची ताठरता येईनाशी झालेली. टेस्टोस्टेरॉन हे मुख्य पुरुषी हार्मोन कमी पडलं की असं होऊ शकतं. पंचविशी-तिशीतला मुलगा हे घरी सांगत नाही, मित्रांना तर नाहीच. मग जिममध्ये कुणीतरी इंजेक्शन सुचवतं, नाहीतर भिंतीवरच्या जाहिरातीतल्या ताकदीच्या पुड्या घरात येतात. कळकळीनं सांगतो, पहिलं इंजेक्शन घेण्याआधी निदान कागदावर पक्कं करून घ्या. पुढचा उपचार आणि विम्याचा दावा, दोन्ही त्याच कागदांवर उभे राहतात.

पहिली पायरी: रक्त योग्य वेळी द्या

एकूण टेस्टोस्टेरॉनची तपासणी सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी करायची. एका रिपोर्टवर निदान होत नाही, काही दिवसांनी पुन्हा रक्त द्यावं लागतं. दोन्ही वेळा आकडा 300 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आणि जोडीला लक्षणं असतील, तरच अमेरिकेतली युरॉलॉजिस्टांची संघटना कमतरता मानते.

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करणाऱ्यांनी इथे विशेष जपावं. पाळी सुटल्यावर घरी जाता जाता लॅबमध्ये रक्त देऊन टाकणं सोयीचं वाटतं, पण हे हार्मोन झोपेत वाढतं. रात्रभर जागलेल्या माणसाचा आकडा कमीच दिसण्याची शक्यता असते. दिवसपाळीच्या आठवड्यात, सलग काही रात्री नीट झोप झाल्यावरच रक्त द्या. ताप किंवा आजारपण असेल तर तपासणी पुढे ढकला. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर लॅबला आधी सांगा, त्यांनी रिपोर्ट चुकू शकतो.

दुसरी पायरी: कारण शोधा

एन्डोक्रायनॉलॉजिस्ट म्हणजे हार्मोनतज्ज्ञाकडे जा. एलएच आणि एफएसएच (वृषणांना कामाला लावणारी, मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीची हार्मोन्स), त्याच ग्रंथीचं प्रोलॅक्टिन, थायरॉइड आणि साखर या तपासण्या ते सांगतील. एलएच वाढलेलं असेल तर दोष वृषणात असतो: वयात आल्यावर झालेल्या गालगुंडात वृषणाला आलेली सूज किंवा क्लाइनफेल्टरसारखा जन्मजात गुणसूत्रदोष. एलएच कमी किंवा जेमतेम असेल तर पिट्युटरी ग्रंथीकडे बघावं लागतं. तरुणांमध्ये पुष्कळदा वाढलेलं पोट, झोपेत श्वास अडकणारं घोरणं आणि जिममधली स्टेरॉइड्स हीच कारणं निघतात. ती दूर केली की आकडा बऱ्याच जणांचा आपोआप वर येतो.

तिसरी पायरी: मूल हवंय का, हे डॉक्टरांना आधी सांगा

नवीन लग्न झालेल्यांनी हे वगळू नये. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की पिट्युटरी एलएच आणि एफएसएच सोडणं थांबवते आणि शुक्राणू घटतात, कधी शून्यावर जातात. ते परत यायला महिने लागतात, काहींना वर्षाहून अधिक. मूल हवं असेल तर शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन वाढवणाऱ्या एचसीजी किंवा क्लोमिफीनसारख्या औषधांचा वेगळा मार्ग डॉक्टर निवडू शकतात. टेस्टोस्टेरॉन चालू असताना हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाणही तपासत राहायचं. ते 54 टक्क्यांवर गेलं की औषध थांबवतात.

चौथी पायरी: विम्यात काय बसतं ते बघा

साधा मेडिक्लेम रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या खर्चासाठी असतो. हार्मोनची इंजेक्शनं, जेल, रक्ततपासण्या हा सगळा ओपीडीचा खर्च, त्यामुळे बहुतेकांना तो खिशातून करावा लागतो. पॉलिसीत ओपीडीचा वेगळा लाभ आहे का, हे ग्राहक माहिती पत्रकात बघा. कंपनीची ग्रुप पॉलिसी असेल तर एचआरला विचारा. फक्त तपासणीसाठी दाखल होऊन बिल लावायला जाऊ नका, असे दावे नाकारले जातात. वंध्यत्वावरचा उपचारही बहुतेक पॉलिसींत वगळलेला असतो. म्हणून डॉक्टरांकडून केसपेपरवर खरं निदान कारणासकट लिहून घ्या. पिट्युटरीच्या गाठीची शस्त्रक्रिया झाली तर ती बसते आणि दाखल होण्याआधीच्या ठरावीक दिवसांतलं एमआरआयचं बिलही त्यात धरतात. बिलं जपून ठेवा.

पगार महिना 21,000 रुपयांपर्यंत असेल आणि ईएसआय (राज्य कामगार विमा) कापला जात असेल, तर ओपीडीसुद्धा त्यातच येते. सातपूरच्या ईएसआय रुग्णालयात कार्ड घेऊन जा आणि तिथून तज्ज्ञाकडे पाठवण्याची चिठ्ठी मागा. हा हक्क अनेक कामगार वापरतच नाहीत, याचं वाईट वाटतं.

नवी पॉलिसी घेताना आधीचं निदान लपवू नका. आधीच्या आजाराचा प्रतीक्षा काळ आता जास्तीत जास्त 36 महिन्यांचा आहे. तेवढी वाट बघता येते, पण लपवाछपवी उघड झाली तर दावा अडकतो.

दावा नाकारला तर

नकाराचं कारण लेखी मागा. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या किंवा विमा नियामकाच्या ‘विमा भरोसा’ या तक्रार पोर्टलवर नोंदवा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जा. नाशिकसाठी हे कार्यालय पुण्यात आहे. कंपनीचा अंतिम नकार आल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करायचा असतो. त्याला शुल्क नाही, वकीलही लागत नाही. सोबत दोन्ही सकाळचे रिपोर्ट, केसपेपर आणि नकाराचं पत्र जोडा.