डोक्याच्या गंभीर दुखापतीत शरीर थंड करताना या चुका टाळा

लोकलमधून पडलेला रुग्ण व्हेंटिलेटरवर आला की मुंबईतल्या आयसीयूबाहेर प्रश्न येतोच: बर्फात ठेवलं तर मेंदू वाचेल का? सरसकट नाही. आयसीपी, म्हणजे कवटीच्या आतला दाब, वाढलेला नसताना निव्वळ खबरदारी म्हणून शरीर ३३ अंश सेल्सिअसवर नेणं ही पहिली चूक. २०१८च्या पोलार चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही. २०१५च्या युरोथर्म चाचणीत तर आयसीपी २० मिमी पाऱ्याच्या वर जाताच ३२ ते ३५ अंशांपर्यंत थंड केलेल्या रुग्णांचे हाल अधिक झाले. शामक औषधं, हायपरटॉनिक (जास्त मिठाचं) सलाईन, मेंदूतलं पाणी काढणं हे सगळं करूनही दाब उतरत नसेल, तरच ३५ ते ३६ अंशांचा विचार करावा. ताप मात्र कुणालाच चढू देऊ नये.

काखेत बर्फाची पिशवी आणि तिथंच थर्मामीटर, हे सर्रास घडतं. तो आकडा पिशवीचा, रुग्णाचा नव्हे. तापमान मोजणारी तार (प्रोब) अन्ननलिकेत किंवा मूत्राशयात हवी. लघवी कमी झाली की मूत्राशयातला आकडाही मागे पडतो.

हुडहुडी डोळ्यांना उशिरा दिसते. जबड्यावर आणि छातीवर तळहात ठेवा, बारीक थरथर आधी हाताला लागते. ती चालू राहिली तर ऑक्सिजनचा खर्च वाढतो आणि थंड करणं वाया जातं. पॅरासिटामॉल, हातापायांना ऊब, मॅग्नेशियम, डेक्समेडेटोमिडीन (एक शामक औषध) असा क्रम ठेवा. स्नायू शिथिल करणारं औषध शेवटी, कारण त्याखाली फिटचे झटके झाकले जातात. ते दिलंच तर ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद) लावा.

पावसाळ्याच्या दमट हवेत कूलिंग ब्लँकेटवर पाणी सुटतं आणि चादर ओली राहते. दर दोन तासांनी पाठ, टाचा तपासा.

सर्वांत जास्त घात होतो तो परत गरम करताना. तासाला ०.१ ते ०.२५ अंश, त्याहून वेगानं नको. म्हणजे ३५ वरून ३७ला यायला किमान आठ तास. घाई केली तर रक्तवाहिन्या पसरतात, बीपी कोसळतो आणि आयसीपी उसळतो. शरीर थंड असताना पोटॅशियम पेशींत शिरतं म्हणून ड्रिपनं भरलेलं असतं. गरम होताना ते बाहेर येतं आणि हृदयाची लय बिघडवतं. म्हणून गरम करायला घेण्यापूर्वी पोटॅशियमची ड्रिप थांबवा आणि दर चार तासांनी तपासणी पाठवा. सीटी स्कॅनला नेताना थंड करणारं मशीन बंद असतं, तेव्हा प्रोब आणि मॉनिटर रुग्णासोबतच न्या.