शाळेत थेरेमिन दाखवताय? या चुका टाळा

थेरेमिन हे हात न लावता वाजवायचं वाद्य. एका बाजूला उभी अँटेना, तिच्याजवळ हात नेला की सूर चढतो. दुसऱ्या बाजूला आडवं कडं, त्याच्याजवळ हात नेला की आवाज बारीक होतो. मुलं बघताक्षणी गप्प होतात. वाजवणाऱ्याची फजिती व्हायलाही याच्यासारखं वाद्य नाही, आणि माझी बहुतेक वेळा एकाच कारणाने झाली: खोलीतली माणसंही या वाद्याचाच भाग असतात, हे मी विसरलो.

"या, पुढे या" म्हणणं

पहिल्याच कार्यक्रमात मी मुलांना वाद्याला खेटून बसवलं. घरी नीट लावलेलं वाद्य तिथे मी हात मागे घेतला तरी शिट्टी मारत राहिलं. पुढच्या रांगेतला एक मुलगा बुटाची नाडी बांधायला वाकला, सूर चढला. तो मागे सरकला, सूर उतरला. सगळा वर्ग हसला आणि त्यानंतर प्रत्येकजण मुद्दाम वाकू लागला.

कारण साधं आहे. आत दोन ऑसिलेटर, म्हणजे विजेची कंपनं निर्माण करणारे भाग असतात, दोन्ही कानाला ऐकू न येणाऱ्या कंपनांचे. एक सेकंदाला 1,70,000 कंपनांवर स्थिर आणि दुसरा 1,69,560 वर असेल, तर आपल्याला ऐकू येतो तो फरक, म्हणजे 440. दुसऱ्या ऑसिलेटरला उभी अँटेना जोडलेली असते आणि आपलं शरीर व अँटेना मिळून एक छोटासा कपॅसिटर, म्हणजे विजेचा भार साठवणारी जोडी होते. शरीर जवळ आलं की या ऑसिलेटरची कंपनं घटतात, फरक वाढतो आणि सूर चढतो. हाताचा असा कपॅसिटर होतो तसाच वाकलेल्या मुलाचाही होतो.

म्हणून आता मी आधी जमिनीवर खडूने अर्धवर्तुळ आखतो, वाद्यापासून दोन मीटरवर. शिक्षकांनाही त्याच्या आत येऊ देत नाही. मुलं बसल्यावर सूर पुन्हा लावतो. रिकाम्या खोलीत लावलेला उपयोगाचा नसतो.

पोचल्या पोचल्या सुरुवात करणं

वाद्य चालू करून किमान दहा-पंधरा मिनिटं तसंच राहू द्या. आतले भाग गरम होत असताना सूर सरकत राहतो.

लोखंडी टेबल

शाळेत हमखास तेच मिळतं. सूर अँटेनाच्या अगदी जवळ गोळा होतात, बोटभर हललं की सप्तक उलटतं. स्वतःचा स्टँड न्या. वाद्य विचित्र वागत असेल तर अर्थिंगही तपासा. दोन पिनांच्या ॲडॅप्टरवर माझं वाद्य नेहमी रुसतं. ते अर्थिंग असलेल्या ॲम्प्लिफायरला जोडल्यावर बहुतेक वेळा ताळ्यावर येतं.

जलद गाणं निवडणं

थेरेमिनवर सूर तुटत नाही, सगळी मींडच. ठसक्याची, द्रुत लयीतली गाणी मांजराच्या भांडणासारखी ऐकू येतात. लांब सुरांची संथ चाल घ्या. हात किंचित थरथरवला की थोडा बेसूरपणा झाकला जातो, पण फार नको, मुलांना लगेच कळतं.

आधी इतिहास सांगणं

रशियन भौतिकशास्त्रज्ञ लेव्ह तेरमेन यांनी 1920 च्या सुमारास हे वाद्य बनवलं, 1922 मध्ये लेनिनला वाजवून दाखवलं, हे सगळं रंजक आहे. पण आवाज ऐकण्याआधी ते कोणाला हवंय? आधी वाजवा. प्रश्न आले की हे सगळं आपोआप सांगता येतं. व्हायोलिन सोडावं लागलेल्या क्लारा रॉकमोर यांनी हेच वाद्य मैफिलीत नेलं, ही गोष्ट मोठ्या मुलांना फार आवडते.

"जादू" म्हणून मोकळं होणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. जादू म्हटलं की प्रश्न संपतो. त्यापेक्षा एका मुलाच्या हातात प्लास्टिकची पट्टी द्या आणि ती अँटेनाजवळ न्यायला सांगा. मनगट लांबच ठेवायचं. सूर फारसा हलत नाही. मग स्टीलचा चमचा द्या. सूर झटकन चढतो, जणू त्याचं बोट वीतभर वाढलं. "असं का?" हे त्यांनाच विचारा आणि उत्तरांची घाई करू नका.

सगळ्यांना एकदम वाजवू देणं

एका वेळी एकच मूल, आणि तेही फक्त सुराचा हात. आवाजाचं कडं माझ्याकडे असतं. किंकाळी फुटली की मी हात खाली आणतो. हल्लीच्या वाद्यात अँटेनाला हात लागला तरी झटका बसत नाही, हे आधीच सांगा, नाहीतर भित्री मुलं लांबूनच परत जातात. लहान वर्ग असेल तर स्टँड खाली करायला विसरू नका.

आणि आवरताना आधी ॲम्प्लिफायर बंद करा, मग वाद्य. उलटं केलं तर स्पीकरमधून असा फटाका निघतो की शेवटच्या रांगेपर्यंत सगळे दचकतात.