ॲल्युमिनियमच्या बोटीला कॅमोफ्लाज रंग देताय? या चुका टाळा

जुनी ॲल्युमिनियमची छोटी बोट हाती आली की कधी एकदा तिच्यावर ती आसपासच्या गवतात दडावी अशी पानं-गवताची नक्षी, म्हणजे कॅमोफ्लाज, उमटवतो असं होतं. मग पहिल्याच हंगामात तळाचे पापुद्रे सुटू लागतात आणि खापर रंगाच्या कंपनीवर फुटतं. खरं तर ॲल्युमिनियमवर रंग टिकणार की नाही, हे डबा उघडण्याआधीच ठरलेलं असतं. नक्षीचं बोलूच, पण आधी तळाकडे वळू.

गळती न शोधता रंगकाम

रिव्हेट (पत्रे जोडणारे, दोन्ही टोकं ठोकून चपटी केलेले धातूचे खिळे) मारलेली बोट बहुतेक वेळा पत्र्यातून नाही, तर सैल झालेल्या रिव्हेटमधून आणि सांध्यांतून गळते. रंगाचा जाड हात दिला की गळती थांबेल, ही आशा सोडा. पत्रा लवतो, रिव्हेट हलतो आणि त्याच्याभोवतीचा रंग गोलाकार तडकतो.

गळती शोधायची सोपी युक्ती म्हणजे उलटी परीक्षा. बोट आधारांवर ठेवा, बूच लावा, आत थोडं पाणी भरा आणि बाहेरून कोरड्या तळावर कुठे थेंब धरतो ते बघा. इथेही अतिउत्साह नको. 3 मीटर लांब आणि 1 मीटर रुंद तळावर 10 सेंटिमीटर पाणी म्हणजे सुमारे 300 किलो वजन. दोनच टेकूंवर ठेवलेली बोट त्या भाराने वाकू शकते, म्हणून मध्येही आधार द्या. खुणा खडूने करा, परमनंट मार्करची शाई पुढे रंगातून वर येते.

सैल रिव्हेट पुन्हा घट्ट बसवणं हे दोघांचं काम आहे. एकाने बाहेरून रिव्हेटच्या डोक्यावर जड लोखंडी ठोकळा दाबून धरायचा, दुसऱ्याने आतून शेपटीवर हातोडीने ठोकायचं. भोकच मोठं झालं असेल तर जुना रिव्हेट काढून, सीलंट लावून, बंद टोकाचा रिव्हेट बसवा. साधा पॉप रिव्हेट मधून पोकळ असतो, तो पाण्याखाली चालत नाही. आणि सिलिकॉन अजिबात नको, त्यावर रंग धरतच नाही. बोटीसाठीचं, वरून रंगवता येणारं पॉलियुरेथेन सीलंट घ्या.

पत्रा चकाचक झाला म्हणून निर्धास्त राहणं

घासलेल्या ॲल्युमिनियमवर हवा लागताच ऑक्साइडचा पातळ थर चढू लागतो. शनिवारी घासून पुढच्या रविवारी प्राइमर मारला, तर आठवडाभर बसलेली धूळ, दमट हवेची ओल आणि हा थर यांच्यावर आपण रंग देत असतो. घासलं त्याच दिवशी प्राइमर मारा. तेवढा वेळ नसेल तर अर्धीच बोट घासा.

क्रमही महत्त्वाचा. आधी साबणाने तेलकटपणा धुवा, मग घासा. उलट केलंत तर तेल ओरखड्यांत जाऊन बसतं. 120 ते 180 नंबरचा पॉलिश पेपर पुरेसा आहे. गुळगुळीत आरसा करायचा नाहीये, रंगाला पकड हवी आहे. शेवटी धुताना पाणी सलग पसरलं तर पत्रा स्वच्छ. थेंब-थेंब होऊन तुटलं तर तिथे अजून तेल आहे. घट्ट बसलेला जुना रंग मात्र खरवडत बसू नका, तो फक्त खरखरीत करा. खूप जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून ओलं घासा आणि योग्य मास्क लावा.

दोन गोष्टी या कामापासून लांब ठेवा. एक, लोखंडी तारेचा ब्रश किंवा स्टील वूल. त्याचे कण पत्र्यात रुततात आणि तिथूनच गंजण्याची सुरुवात होते. दुसरी, कॉस्टिक सोडा असलेले क्लीनर. तो ॲल्युमिनियम खातो आणि वर पेट घेणारा हायड्रोजन वायू सोडतो.

मोकळ्या पत्र्यावर सेल्फ-एच प्राइमरचा (ज्यातलं ॲसिड पत्रा किंचित कोरून रंगाला पकड देतं) हात पातळच हवा. त्यावर इपॉक्सी प्राइमर चालतो का, हे डब्यावर वाचल्याशिवाय मारू नका. सेल्फ-एचमधल्या ॲसिडमुळे अनेक इपॉक्सी नीट धरत नाहीत. तांबं असलेला शेवाळरोधक रंग तर ॲल्युमिनियमचा वैरीच. पाण्यात तांबं आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजतं. कीड लागू नये म्हणून तांब्याचं रसायन मुरवलेलं प्लायवूड तळाला टेकवलं तरी हेच होतं.

आता नक्षी

इथली सगळ्यात मोठी चूक म्हणजे बारीक काम. हातभर अंतरावरून सुरेख दिसणारी छोटी छोटी पानं पन्नास पावलांवरून एकाच गडद डागासारखी दिसतात, आणि तो डाग बरोबर बोटीच्या आकाराचा असतो. ठिपके मोठे ठेवा. काठाची सरळ रेघ तोडणारे, तिच्यावरून आडवे-तिरपे जाणारे पट्टे द्या. गवताची स्टेन्सिल त्यानंतर, तीही मोजकीच.

दुसरी चूक हिरव्या रंगाचा सोस. जिथे बोट नेणार तिथले लव्हाळे त्या महिन्यात कसे दिसतात ते बघा. हंगामाच्या शेवटी ते बहुधा पिवळट-तपकिरी असतात. बेस फिका खाकी, त्यावर तपकिरी, मग ऑलिव्ह, आणि काळा अगदी नावापुरता. सगळे रंग मॅट हवेत. वरून चमकदार क्लिअर कोट दिला तर उन्हात बोट लांबूनच लखलखते.

मासे मात्र बोट खालून पाहतात, त्यांना ती आभाळासमोरची सावली दिसते. त्यांच्यासाठी नक्षीपेक्षा तळावर पाय न आपटणं जास्त उपयोगी. आतला तळही गडद रंगवू नका, उन्हात तापतो.

दडलेली बोट इतर नाविकांपासूनही दडते, म्हणून दिवा आणि भगव्या रंगाचं कापड जवळ ठेवा. नोंदणी क्रमांक आणि भारक्षमतेची पाटी रंगाखाली जाऊ देऊ नका.

रंग आधीच बिघडला असेल तर

पापुद्रा काढल्यावर खाली चकचकीत पत्रा दिसतोय? मग साफसफाई किंवा प्राइमर चुकला, तेवढा भाग पुन्हा घासावाच लागेल. खाली प्राइमर शाबूत असेल तर दोन हातांमधलं अंतर चुकलंय. रंग सुरकुतला असेल तर पहिला हात अर्धवट सुकलेला असताना दुसरा दिला गेला. स्प्रेच्या डब्यावर पुढचा हात किती वेळाच्या आत किंवा किती वेळानंतर द्यायचा ते लिहिलेलं असतं, मधल्या काळात हात लावू नका. गोल खड्डे पडले तर खाली तेल किंवा सिलिकॉन होतं. फोडाखाली पांढरी भुकटी असेल तर पत्रा गंजतोय. भुकटी पूर्ण काढून खड्डे इपॉक्सी पुट्टीने भरल्याशिवाय वर रंग देऊ नका.

हाताला कोरडा लागलेला रंग आतून पक्का व्हायला कित्येक दिवस लागतात. त्याआधी बोट ट्रेलरवर चढवली तर आधाराच्या पट्ट्यांना रंग चिकटून येतो.