उकिरड्यावरची पोपई जगते, वावरातली का मरते?

आमच्याकडे पपईला पोपई म्हणतात. उकिरड्यावर ती कोणी न लावता येते, धरते, पिकते. तीच हौसेनं वावरात लावली की पहिल्या झडीत माना टाकते. दोष बहुतेक वेळा आपल्या हाताचाच असतो.

फळातली बी तशीच पिशवीत टोचू नका. तिच्यावरच्या बुळबुळीत आवरणात उगवण अडवणारी द्रव्यं असतात. उकिरड्यावर ते कुजून जातं, इथं आपल्यालाच काढावं लागतं. चुलीच्या राखेत चोळा, धुवा, सावलीत वाळवा आणि लवकर लावा, जुनी बी कमी उगवते. दोन-तीन आठवडे लागतात, थंडीत जास्त. बोटानं उकरून बघण्याची खोड मात्र सोडा! आणि रेड लेडी ७८६ सारख्या संकरित फळाच्या बीपासून तसंच झाड मिळेल, ही आशा धरू नका.

रोप दीड-दोन महिन्यांचं, वीतभर झालं की हलवा. पिशवीत जास्त दिवस ठेवलं तर मुळं गोल गुंडाळतात. आदल्या दिवशी पाणी द्या, पिशवी ब्लेडनं चिरा आणि मातीचा गोळा फुटू न देता खड्ड्यात ठेवा. पिशवीत होतं तेवढंच खोल. वाऱ्यानं पडेल म्हणून बुंधा मातीत गाडला, तर तो सडतो. वेळ संध्याकाळची बरी. मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांत लावणं म्हणजे रोपाचा खूनच.

माझी स्वतःची चूक पाण्याची. काळ्या भारी जमिनीत सपाटीवर चाळीस रोपं लावली. तीन दिवस झड लागली, पाणी तुंबलं, पानं पिवळी पडून गळाली. मी रोग समजून फवारत बसलो. मुळांना हवाच नव्हती, फवारा काय करणार? पपईला दोन दिवसांचं तुंबलेलं पाणीही भारी पडतं. उकिरडा उंच आणि भुसभुशीत असतो, हे तेव्हा डोक्यात आलं. आता दीड फूट उंच वरंब्यावर लावतो, बाजूला चर काढतो.

गावरान पपईत नर-मादी झाडं वेगळी, फुलं येईपर्यंत ओळख पटत नाही. म्हणून खड्ड्यात दोन-तीन रोपं ठेवा, नंतर एक राखा. दहा माद्यांमागे एक नर पुरे.

पानं चितकबरी, आकसलेली दिसली तर तो विषाणू, मावा ही बारीक रसशोषक कीड तो पसरवते. त्यावर औषध नाही. झाड उपटून जाळा, आणि शेजारी काकडीचे वेल लावू नका, मावा तिथूनही येतो.